परळची हवाई छायाचित्रे आणि छपरांखालची वस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परळ, एल्फिन्स्टन रोड (आजचे प्रभादेवी), करी रोड आणि लोअर परळ या भागाची चार जुनी हवाई छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्याबद्दल प्रथम आभार. ज्या भागाचे नाव हल्ली बहुधा मॉल, कार्यालयांचे मनोरे आणि वाहतूककोंडी यांच्याच निमित्ताने छापून येते, त्याला पुरवणीचे पूर्ण पान मिळाले, हे आम्हा जुन्या रहिवाशांना सुखावणारे होते. मात्र चारपैकी पहिले छायाचित्र उलटे छापले गेले आहे, दुसऱ्याचा काळ चुकला आहे आणि तिसऱ्याखालच्या ओळींत ज्या वस्तीला 'बेशिस्त दाटी' म्हटले आहे, ती त्या काळच्या मुंबईत सरकारने फूटपट्टी लावून आखलेली वस्ती होती. हे तिन्ही दोष, ती छायाचित्रे छापण्यापूर्वी त्या भागात राहिलेल्या कोणालाही दाखवली असती तर टळले असते. माझे मुख्य म्हणणे तेवढेच आहे; पण ते नुसते सांगून पटणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या छायाचित्रापासून सुरुवात करतो. दादरकडून दक्षिणेला येताना पश्चिम आणि मध्य रेल्वेचे रूळ परळ-एल्फिन्स्टनपाशी अगदी शेजारी येतात आणि तिथून पुढे फाकतात. पश्चिम रेल्वे उजव्या हाताला लोअर परळ, महालक्ष्मीकडे वळते, तर मध्य रेल्वे डाव्या हाताला करी रोड, चिंचपोकळी, भायखळ्याकडे जाते. छापलेल्या चित्रात नेमके उलट दिसते. कोणी म्हणेल की छायाचित्र दक्षिणेकडून घेतले असेल. पण ते तसे नाही, हे गिरण्यांची छपरे सांगतात. विणाईखात्याची छपरे दातेरी असत आणि प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेला ठेवली जाई, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि मागावर थेट ऊन पडत नाही. त्यामुळे छपरे पाहिली की कोणत्याही हवाई छायाचित्रात उत्तर दिशा सापडते. ती वर धरून हे चित्र पाहिले, तर प्रत्यक्षात रुळांच्या पूर्वेला असलेले केईएम रुग्णालय पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला जाऊन बसते. मूळ काच किंवा फिल्म छापताना उलटी ठेवली गेली असावी. छापखान्यात असे होते, त्यात आकाशपाताळ एक करण्यासारखे काही नाही. पण परळच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पुरवणी उघडली, तेव्हा हा दोष तिथल्या म्हाताऱ्यांनी चहा गार होण्याच्या आत सांगितला, हे नमूद करायला हवे.

दुसऱ्या छायाचित्राखाली 'स्वातंत्र्यानंतरचे परळ' असे छापले आहे. ते स्वातंत्र्यापूर्वीचे, बहुधा १९३० च्या दशकातील आहे, आणि त्याचा पुरावा छायाचित्रातच आहे. दोन्ही रेल्वेंच्या रुळांवर ठरावीक अंतराने विजेच्या तारांच्या कमानींच्या बारीक सावल्या पडलेल्या दिसतात. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. तेव्हाच्या बीबीसीआय रेल्वेच्या, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या, कुलाबा ते बोरिवली मार्गावर वीज आली ती १९२८ च्या जानेवारीत. तेव्हा छायाचित्र त्यानंतरचे. केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले, ते चित्रात आहे. पण त्याच्या शेजारचे टाटा रुग्णालय, जे १९४१ मध्ये सुरू झाले, ते चित्रात नाही. त्या जागी मोकळी जमीन आणि झाडे आहेत. म्हणजे छायाचित्र १९२८ नंतरचे आणि त्या इमारतीचा पाया घातला जाण्यापूर्वीचे ठरते. ज्या बाईंनी मला हे टाटा रुग्णालयाचे सुचवले, त्यांनी त्याच रुग्णालयात अनेक वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. त्यांना छायाचित्रांच्या कालनिर्णयाचे कोणतेही शास्त्र ठाऊक नाही. आपल्या नोकरीची जागा चित्रात नाही, एवढेच त्यांच्या पटकन लक्षात आले.

आता या भागातील रेल्वेविषयी. गिरणगावाचा इतिहास लिहिताना गिरण्यांच्या चिमण्यांपुढे रेल्वेचे कारखाने मागे पडतात, अशी माझी जुनी तक्रार आहे, आणि आपल्या पुरवणीतही तसेच झाले आहे. या पट्ट्यात एक नव्हे, दोन रेल्वे कंपन्यांचे मोठे कारखाने होते आणि आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे लोकांच्या तोंडची जीआयपी, हिने आपला इंजिनांचा कारखाना भायखळ्याहून परळला आणला तो १८७९ मध्ये. बीबीसीआयचा डब्यांचा कारखाना लोअर परळला त्याच दशकात उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या दोन कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या, तरी आमच्या चाळीतले वयस्कर कामगार 'मी जीआयपीत होतो' असेच शेवटपर्यंत सांगत. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर उघडून जोडणारे बॉयलरमेकर, फिटर, लोहार, सुतार, रंगारी आणि खलाशी, म्हणजे हाताखालचे मदतनीस, अशी हजारो माणसे या दोन भिंतींआड कामाला होती. गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी फाटकावर उभा राहून आज काम मिळेल का, याची वाट पाही. वर्कशॉपमधल्या कायम माणसाला पगार, पास आणि पुढे पेन्शन होते. चाळीत मुलगी देताना हा फरक बरोबर मोजला जाई. हवाई छायाचित्रात मात्र दोन्हींची छपरे सारखीच करडी दिसतात.

चौथे छायाचित्र मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याखाली आपण फक्त 'रेल्वे यार्ड' एवढेच छापले आहे. भिंग घेऊन पाहिले तर यार्डाच्या एका कडेने, रूळ तिरके ओलांडत, एक फिकट पांढरी रेघ वर्कशॉपच्या भिंतीपासून चाळींच्या दिशेने गेलेली दिसते. तो रस्ता नव्हे आणि रेल्वेने आखलेली वाटही नव्हे. तशी वाट माझ्या लहानपणीही होती, आणि ती पायांनीच पडलेली होती. रस्त्याने पुलावर चढून, वळसा घालून घरी जायचे तर बराच वेळ लागे. यार्डातून गेले की पाळी सुटल्यावर पाण्याच्या नळाची वेळ गाठता येई. माझे वडील फिटर होते. ते आणि त्यांच्या खात्यातली माणसे या वाटेने ओळीने येत, हातात अॅल्युमिनियमचा डबा, खांद्यावर तेलकट कपडा, आणि वाटेत मालगाडीचा रेक उभा असला तर दोन डब्यांच्या मधल्या जोडावरून पाय टाकून पलीकडे उतरत. हे नियमाला धरून नव्हते, आणि धोका होता हेही सगळ्यांना माहीत होते. रूळ बदलणारा पॉइंट्समन ओरडे, माणसे हात वर करून सलाम करीत आणि तशीच पुढे जात.

त्याच वाटेच्या एका टोकाला काळसर ढिगारा दिसतो. त्याची तर कोणी दखलही घेणार नाही. इंजिनाच्या भट्टीतून काढलेली राख आणि अर्धवट जळलेले कोळसे यांचा ढीग अशा जागी पडे. आमच्या मजल्यावरच्या एक मावशी, आज त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे, चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "अरे, इथं तर आम्ही पाटी घेऊन जायचो." बायका आणि मुले तिथून धगीला पुरतील असे कोळसे वेचून आणीत, ते पुन्हा शेगडीत जळत, राहिलेली राख चाळून भांडी घासायला वापरली जाई. रेल्वेचा चौकीदार कधी हाकलून लावी, कधी पाठ फिरवी. एका मोठ्या कंपनीच्या टाकाऊ मालावर शेजारच्या वस्तीची चूल किती काळ पेटत होती, याची नोंद त्या कंपनीच्या कोणत्याही वहीत असेल असे मला वाटत नाही. छायाचित्रात तो डाग आहे, आणि त्याचा अर्थ सांगणारी माणसे अजून आहेत. ही दोन एकत्र आणली तरच नोंद होते.

'बेशिस्त दाटी' या शब्दांविषयी आता स्पष्टच लिहितो. तिसऱ्या छायाचित्रातील ज्या ठोकळ्यांसारख्या इमारतींच्या रांगांखाली हे शब्द आले आहेत, त्या डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी होत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यांपैकी ३२ डिलाईल रोडला आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून मजल्याला वीस खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. आकाशातून पाहिले तर दोन चाळींमधले अंतर, त्यांच्या ओळी, मधली मैदाने हे सगळे काटकोनात दिसते. दाटी होती, पण ती छपरांच्या मांडणीत नव्हती. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे राहत होती, त्यात होती. कोकण आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांच्या गाळ्यात एक पाळी कामावर असताना दुसरी झोपत असे. पुढे गिरण्यांत तीन पाळ्या रुळल्या, सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि रात्री बारा, तेव्हा तर अंथरूण गुंडाळायची वेळच येत नसे. वरून काढलेल्या छायाचित्रात हे दिसणार नाही, म्हणून तर त्याखाली लिहिताना जपायला हवे. शिस्तीत बांधलेल्या इमारतीत माणसांना दाटीने राहावे लागले, हा बांधणाऱ्यांवरचा शेरा होऊ शकतो. राहणाऱ्यांवर तो का मारावा?

याचा आजच्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील, म्हणून पुढचे लिहितो. ही वस्ती पायी चालणाऱ्यांची होती. गिरणी आणि वर्कशॉप यांचा कामगार बहुधा कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असे. रेल्वेच्या कुशीत राहूनही त्याला रोज लोकलने जावे लागत नसे. भोंगा झाला की माणसांचे लोट रस्त्यांवर आणि रस्त्यांच्या पुलांवर दिसत, स्थानकांच्या जिन्यांवर नव्हे. दुसऱ्या छायाचित्रात एल्फिन्स्टनच्या पुलावर जे काळे ठिपके दाटलेले आहेत, ती पाळी सुटल्याची गर्दी असावी, असे मला चिमण्यांच्या आणि खांबांच्या लांब सावल्यांवरून वाटते. स्थानकांवरचे पादचारी पूल त्या मानाने अरुंद राहिले, कारण त्या काळात ते पुरत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याची कथा अनेकांनी लिहिली आहे, मी तिच्यात शिरत नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये आली; एल्फिन्स्टन आणि ज्युपिटर या गिरण्यांच्या जमिनी २००५ मध्ये लिलावाने विकल्या गेल्या, आणि जिथे शेजारच्या चाळीतून चालत माणसे येत, तिथे विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने माणसे येऊ लागली. माणसे आली ती थेट त्या अरुंद जिन्यांवर. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसाच्या सरीत, परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराकडून नवा पूल बांधून घेण्यात आला आणि तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. दुर्घटनेची कारणे अनेक होती, आणि एका जुन्या छायाचित्राने ती टळली असती असा माझा दावा नाही. पण या भागात माणसे कुठून कुठे चालतात हे कधीकाळी कोणी नीट पाहिले असते, तर चालणाऱ्यांची वस्ती प्रवाशांची वस्ती होताना जिने कुठे कमी पडणार, हे आधी सुचले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या भागातले लोक हे अनेक वर्षे बोलत होते. त्यांचे बोलणे तक्रारवहीत गेले, नकाशावर कधी आले नाही.

आणि आज पूलच पाडले जात आहेत. लोअर परळचा, म्हणजे डिलाईल रोडचा पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला आणि नवा पूर्ण खुला होण्यास २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात शाळेला आणि रुग्णालयाला जाणाऱ्यांचे काय हाल झाले, ते तिथल्या लोकांना विचारावे. शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीसाठी बंद करून पाडण्यास घेण्यात आला. करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर गणपतीची मिरवणूक नेताना नाचू नका, थांबू नका, अशा सूचना महापालिका दरवर्षी काढते. बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. माझी तर मुळीच नाही. सार्वजनिक शौचालयापुढे रांगेत ज्याने बालपण काढले, त्याला जुन्या चाळीचे गोडवे गाणे जमत नाही. पण पूल आणि चाळी एकाच वेळी जात असताना त्यांच्या आधारे छायाचित्रातली जागा ओळखण्याची सोयही जाते, हे लक्षात घ्यावे. आज मावशींना तो ढिगारा ओळखता आला, कारण शेजारी वर्कशॉपची भिंत आणि पलीकडे चाळीची ओळ दिसत होती.

म्हणून माझ्या सूचना अशा. आपल्या दैनिकाने ही चारही छायाचित्रे, पहिले सुलटे करून, शक्य तेवढ्या मोठ्या आकारात पुन्हा छापावीत, आणि त्यांवर चौकटी आखून अंक घालावेत, म्हणजे वाचकांना 'तिसऱ्या चौकटीत अमुक होते' असे कळवता येईल. ज्यांच्या संग्रहातून ती मिळाली, त्यांना विनंती करून मूळ प्रतीच्या मागे काही तारीख, उंची वा उड्डाणाचा क्रमांक लिहिला आहे का, ते पाहून छापावे. हवाई छायाचित्राची मागची बाजू पुष्कळदा पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. रेल्वेने आपल्या वर्कशॉपचे जुने नकाशे आणि यार्डाच्या आखण्या अभ्यासकांबरोबरच निवृत्त कामगारांनाही दाखवाव्यात. पुलांचे नवे आराखडे करणाऱ्या अभियंत्यांनी, खांब कुठे आणि जिना कुठे हे ठरवण्यापूर्वी, एक संध्याकाळ या माणसांबरोबर बसावे. यासाठी समिती नेमू नये, एवढी विनंती; समिती अहवाल देईपर्यंत सांगणारे उरणार नाहीत.

पुनर्मुद्रण होणारच असेल तर आणखी दोन बारीक दुरुस्त्या नोंदवतो. तिसऱ्या छायाचित्रात ज्याला 'तलाव' म्हटले आहे ती गिरणीची पाण्याची टाकी आहे. इंजिनाच्या वाफेसाठी आणि आगीच्या वेळी लागणारे पाणी अशा चौकोनी टाक्यांत साठवीत, आणि तिला भिंत असल्यामुळे मुलांना आत पोहायला जाता येत नसे, निदान दिवसा तरी. चौथ्या छायाचित्रात यार्डाच्या कडेला ज्या बुटक्या, एकसारख्या छपरांच्या रांगेला 'गोदामे' म्हटले आहे, ते रेल्वेचे क्वार्टर्स आहेत. प्रत्येक छपराला स्वयंपाकघराचे धुराडे वेगळे दिसते, आणि गोदामाला धुराडे कशाला लागेल? त्यांपैकी कोणत्या खोलीत कोणत्या खात्याचे कुटुंब राहत होते, हे सांगू शकणारे दोन निवृत्त कामगार परळमध्येच आहेत. आपला प्रतिनिधी येणार असेल तर त्यांची भेट मी घालून देईन. दुपारी चारनंतर यावे, त्यापूर्वी ते विश्रांती घेतात.

आपला विश्वासू,
जीआयपीतल्या एका फिटरचा मुलगा
(मूळ राहणार डिलाईल रोड, सध्या डोंबिवली, नाव व पत्ता संपादकांकडे)